वायपर बंद पडतो तेव्हा...

दोन-तीन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. अंबडला बचत गटांची बैठक होती. आमच्या गटातल्या तिघीजणी, मी आणि गाडी चालवायला आमचे हे. बैठक आटोपली, मत्स्योदरी देवीचं दर्शन घेतलं, पायथ्याशी चहा झाला आणि दिवे लागणीच्या वेळी आम्ही जालन्याकडे निघालो. गटातल्या सर्वांत थोरल्या मावशींनी नातवाला सोबत आणलं होतं. तो त्यांच्या मांडीवर झोपून गेलेला. निघताना आभाळ नुसतं भरून आलं होतं. मावशी म्हणाल्या, "यायलाय पाऊस, बसा लवकर." आणि खरंच, पाच-सात किलोमीटर गेलो नसू तोच असा काही कोसळायला लागला, की रस्त्याच्या कडेची बाभळीची झाडंही दिसेनात.

यांनी वायपर सुरू केला. चार-पाच मिनिटं नीट चालला. मग एक बारीक 'कट्' असा आवाज झाला आणि दोन्ही वायपर काचेच्या मधोमध उभे राहिले. बटण वर करा, खाली करा, काही उपयोग नाही. काचेवरून पाण्याचा लोंढा, समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे त्या पाण्यात फुटून चहूकडे पसरलेले आणि रस्ता मात्र गायब! मैत्रिणींनो, डोळ्यांवर कुणी ओलं फडकं बांधावं तसं झालं होतं.

हे गाडी हळू करत होते, पण कडेला घ्यायची तर कड कुठे संपते तेच कळेना. मागच्या सीटवरच्या मावशींनी काच खाली करून डोकं बाहेर काढलं होतं. त्याच एकदम ओरडल्या, "थांबा! थांबा म्हणते ना!" यांनी करकचून ब्रेक दाबला. गाडी थोडी घसरली आणि थांबली. समोर चार हातांवर ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही, काही नाही. पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्यातच सोडून ट्रॅक्टरवाला कुठेतरी आडोशाला गेला असावा.

गाडीत कुणीच काही बोललं नाही. फक्त ते पोर दचकून उठलं आणि रडायला लागलं. त्याचं रडणं ऐकून मला पहिल्यांदा बरं वाटलं, कारण रडत होतं म्हणजे ठीक होतं.

पुढचा अर्धा तास आम्ही तिथेच कडेला काढला. पाऊस जरा ओसरल्यावर मागून आलेल्या एका टेम्पोवाल्या दादाने खिशातली तंबाखूची पुडी काढली आणि ओल्या काचेवर खसाखसा घासली. "जुनी युक्ती आहे काकू, पाणी ठरत नाही काचेवर," म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तंबाखू कुणाच्या तरी उपयोगी पडलेली पाहिली! त्या काचेतून बघत, बैलगाडीच्या वेगाने आम्ही मस्तगडला घरी पोचलो. सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांना फक्त एवढंच सांगितलं, "पाऊस फार होता."

मिस्तरी म्हणाला, मोटार गेली

दुसऱ्या दिवशी गाडी ओळखीच्या मिस्तरीकडे गेली. त्याने बॉनेट उघडलं, डोकं खाजवलं आणि निदान केलं, "वायपरची मोटार गेली." अडीच हजार रुपये झाले. कागदाच्या चिठोऱ्यावर आकडा लिहून दिला, तीच पावती. वायपर चालू झाले, आम्हीही विसरलो. संसारात विसरायला वेळ लागत नाही. दूध, भाजी, मुलांच्या परीक्षा, गटाचे हप्ते... एक वायपर किती दिवस लक्षात ठेवणार?

दीड महिन्याने राजूरच्या गणपतीला निघालो होतो. काचेवर धूळ बसलेली म्हणून यांनी पाणी मारून वायपर फिरवला. 'कट्'. पुन्हा तेच! या वेळी ऊन होतं, दिवस होता, घाबरायचं कारण नव्हतं. पण माझ्या पोटात मात्र गोळा आला. मला ती ट्रॉली दिसली.

त्या रविवारी माझा भाचा आला होता. चाकणकडच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात तो नोकरीला आहे. जेवताना विषय निघाला, तर म्हणाला, "मावशी, एकच भाग एकसारखा दोनदा बिघडतो म्हणजे गाडीतच काहीतरी असेल. रिकॉल आहे का बघितलं का? चेसिस नंबर सांग."

आता आली पंचाईत. चेसिस नंबर कुठे असतो? "आरसीवर असतो." आरसी कुठे आहे? "यांच्या कपाटात." कपाटाची किल्ली? "यांच्याकडे." मैत्रिणींनो, ही गाडी घेताना माझ्या दोन भिशींचे पैसे त्यात गेले होते. तिच्यातून मी, माझी मुलं, माझ्या गटातल्या बायका हिंडतात. पण तिचा एक साधा कागद मी कधी हातात धरला नव्हता. गॅसचं कार्ड कुठे आहे, रेशन कार्ड कुठे आहे, मुलांचे जन्मदाखले कोणत्या पिशवीत आहेत, हे मला झोपेतही सांगता येईल. गाडीचे कागद मात्र 'पुरुषांचं खातं'!

आरसी निघाली आणि दुसरा धक्का बसला. गाडी अजून आधीच्या मालकाच्याच नावावर होती. गाडी जुनी, छत्रपती संभाजीनगरच्या एका ओळखीच्या कुटुंबाकडून घेतलेली. "नावावर करून घेऊ की, घाई काय आहे," असं म्हणता म्हणता वर्ष होऊन गेलं होतं. भाच्याने तो सतरा अक्षरी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला. पडद्यावर दोन ओळी आल्या. वायपर चालवणाऱ्या जोडणीत दोष असू शकतो, जवळच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडी दाखवावी, दुरुस्ती विनामूल्य.

विनामूल्य! आणि आम्ही अडीच हजार घालून, शिवाय पाच-सहा जणांचा जीव टांगणीला लावून बसलो होतो.

मी आधीच्या मालकीणबाईंना फोन केला. त्या बिचाऱ्या प्रांजळपणे म्हणाल्या, "हो हो, असं काहीतरी पत्र आलं होतं खरं. पण गाडी तर विकलेली. आम्हाला वाटलं, सर्व्हिसिंगची जाहिरात असेल. रद्दीत गेलं." मला त्यांचा राग आला नाही. माझ्या घरी असं पत्र आलं असतं तर मी तरी दुसरं काय केलं असतं?

रिकॉल म्हणजे नेमकं काय?

रिकॉल म्हणजे सरळ मराठीत सांगायचं तर विकलेला माल परत बोलावणं. गाडी रस्त्यावर आल्यानंतर कंपनीच्या लक्षात येतं, की अमुक महिन्यांत तयार झालेल्या गाड्यांत एखादा भाग सदोष लागला आहे. मग त्या काळातल्या सगळ्या गाड्यांचे नंबर काढून मालकांना कळवलं जातं, गाडी सर्व्हिस सेंटरला बोलावली जाते, भाग तपासून दुरुस्त केला किंवा बदलून दिला जातो. पैसे घेतले जात नाहीत. गाडी कायमची परत घेतात असा अनेकींचा समज असतो, म्हणून त्या घाबरतात. बहुतेक वेळा तसं काही नसतं. तास-दोन तासांचं काम असतं आणि गाडी घरी येते.

वायपरसारख्या क्षुल्लक गोष्टीसाठी कोणी गाड्या परत बोलावतं का, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. पुण्याकडे जाताना अहिल्यानगर सोडल्यावर रांजणगावचा महागणपती लागतो. तिथल्याच औद्योगिक वसाहतीत जीप कंपास ही गाडी २०१७ पासून तयार होते. २०२० साली कंपनीने त्या वर्षीच्या ५४७ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. कारण काय? पुढच्या वायपरचा दांडा ज्या नटाने घट्ट बसवतात, तो नट सैल राहिलेला असू शकतो. बस, एवढंच! लाखो रुपयांची गाडी आणि प्रश्न एका नटाचा. पण भर पावसात तो नट सुटला तर काय होतं, हे मी अंबडच्या रस्त्यावर पाहिलं आहे.

परदेशातही हेच. अमेरिकेत टेस्ला कंपनीची 'सायबरट्रक' नावाची, अगदी अंतराळातून उतरल्यासारखी दिसणारी गाडी आहे. २०२४ साली तिच्याही ११ हजारांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या. वायपरच्या मोटारीचं नियंत्रण करणारा भाग जादा विजेने निकामी होत होता. गाडी कितीही महागडी असो, पाऊस कुणाला ओळखत नाही.

वायपरची रचना तशी साधी असते. बॉनेटच्या मागच्या बाजूला एक छोटी मोटार. ती गोल फिरते. तिला जोडलेल्या लोखंडी पट्ट्या त्या गोल फिरण्याचं रूपांतर इकडून तिकडे हलण्यात करतात. पट्ट्यांच्या टोकाला खुंट्या, खुंट्यांवर नटाने आवळलेले दांडे आणि दांड्यांना रबराची पाती. यातला एकही दुवा निसटला की बाकीचं सगळं व्यर्थ. आमच्या गाडीत पट्ट्यांची जोडणी सदोष होती. मोटार बदलून काय होणार होतं? दुखणं पोटाला आणि शेक पायाला!

इतर भागांच्या रिकॉलचे आकडे तर डोळे विस्फारायला लावतात. मारुती सुझुकीने २०१० साली पेट्रोल गळतीच्या शक्यतेमुळे ए-स्टारच्या तब्बल १ लाख गाड्या बोलावल्या होत्या. २०२१ साली याच कंपनीने वेगवेगळ्या मॉडेलच्या मिळून १,८१,७५४ पेट्रोल गाड्या तपासायला बोलावल्या. २०२३ साली स्टिअरिंगच्या एका दांड्यासाठी एस-प्रेसो आणि ईकोच्या ८७,५९९ गाड्या. आणि दुचाकीवाल्यांनी निर्धास्त राहू नये. २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डने इग्निशन कॉइलच्या दोषासाठी २,३६,९६६ मोटारसायकली परत बोलावल्या होत्या. तेव्हा रिकॉल हे काही मोठ्या शहरातल्या, मोठ्या गाडीवाल्यांचंच प्रकरण नाही. तुमच्या अंगणातल्या स्कूटीचाही त्याच्याशी संबंध येऊ शकतो.

लोणच्याची बरणी आणि आमची अब्रू

"रिकॉल केलं म्हणजे कंपनी वाईट," असं एकदम म्हणणारे लोक भेटतात तेव्हा मला आमच्या गटाचं लोणचं आठवतं.

बरीच वर्षं झाली. आमच्या गटाने पहिल्यांदाच मोठी ऑर्डर घेतली होती. चाळीस किलो कैरीचं लोणचं. बरण्या भरल्या, घरोघरी विकल्या, पैसे वाटून घेतले. पंधरा दिवसांनी एकीच्या घरी उरलेल्या बरणीवर पांढरी बुरशी दिसली. एका घाण्यात मीठ कमी पडलं होतं, शिवाय फोडी नीट सुकल्या नव्हत्या. आता काय करायचं? रात्री माझ्या घरी बैठक बसली. एकजण म्हणाली, "गप्प बसा. कुणी आलं तर बघू." दुसरी म्हणाली, "आपण होऊन सांगितलं तर पुढच्या वर्षी कोण घेईल आपलं लोणचं?" तिचंही खोटं नव्हतं. त्या पैशांतून कुणी मुलाची फी भरली होती, कुणी उसनवारी फेडली होती. परत कुठून आणणार?

तेव्हा याच मावशी बोलल्या. लिहिता-वाचता फारसं येत नाही त्यांना. म्हणाल्या, "एखाद्या लेकराच्या पोटात दुखलं तर मला झोप येईल का? मी जाते उद्या घरोघर."

आम्ही सगळ्याच गेलो. वहीत नावं होती म्हणून जाता आलं. बरण्या परत घेतल्या, पैसे परत केले, नाही जमले तिथे पुढच्या हंगामात बरणी देऊ म्हणून सांगितलं. त्या वर्षी गटाला नफा शून्य. पण पुढच्या वर्षी त्याच बायका दारात येऊन म्हणाल्या, "तुमचंच लोणचं द्या. तुम्ही निदान सांगता तरी."

तेव्हा मला वाटतं, चूक होणं हा प्रश्न नाही, चूक हातून होतेच. चूक कळल्यावर दार वाजवायला कोण जातं, हा प्रश्न आहे. पण दार वाजवायला जायचं तर वहीत नाव-पत्ता बरोबर हवा. आमच्या गाडीच्या बाबतीत नेमकं तिथेच घोडं अडलं. कंपनीने पत्र पाठवलं होतं, पण आम्ही वहीत आमचं नावच लिहिलं नव्हतं!

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे बराच काळ रिकॉल हा कंपन्यांच्या मर्जीचा मामला होता. वाहन उत्पादकांच्या संघटनेने, म्हणजे 'सियाम'ने, २०१२ साली स्वेच्छेने पाळायची एक आचारसंहिता केली. पण स्वेच्छा ती स्वेच्छा. मग २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि ११०-अ हे नवं कलम आलं. त्याप्रमाणे गाडीतल्या दोषामुळे चालक, प्रवासी, रस्त्यावरचे इतर लोक किंवा पर्यावरण यांना धोका होत असेल, तर केंद्र सरकार कंपनीला त्या गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकतं. कंपनीने दुरुस्ती करून द्यायची, बदली गाडी द्यायची किंवा पैसे परत करायचे. कंपनीने स्वतः होऊन दोष कळवला आणि गाड्या बोलावल्या तर तिला दंड नाही. म्हणजे कायद्यानेही मावशींचंच म्हणणं मानलं म्हणायचं!

याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना ते लागू आहेत आणि सक्तीच्या रिकॉलमध्ये दंड गाडीचा प्रकार आणि संख्या पाहून १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. गाडीमालकाला स्वतः तक्रार नोंदवता यावी म्हणून 'वाहन' या सरकारी पोर्टलवर सोय आहे. एकटीची तक्रार म्हणजे समुद्रात थेंब, असं समजू नका. एकाच मॉडेलबद्दल किती मालकांनी तक्रार केली, यावरच पुढची चौकशी ठरते. थेंब थेंब साचूनच तळं होतं.

आणि समजा सर्व्हिस सेंटरने टोलवाटोलवी केली, तर? २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात सदोष वस्तूमुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी उत्पादकावर टाकणारं स्वतंत्र प्रकरण आहे. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कंपनी दिल्लीची असो की चेन्नईची. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मात्र दोन वर्षांच्या आत जायला हवं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघावा. पन्नास वर्षांपूर्वी, १९७४ साली, पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा 'ग्राहकालाही हक्क असतात' हे लोकांना समजावून सांगावं लागत होतं. आज हक्क कागदावर आहेत, आपण तो कागद उघडत नाही इतकंच.

आणि हा वायपर कुणी शोधला?

हे सगळं वाचताना मला एक गोष्ट कळली आणि फार गंमत वाटली. वायपरची कल्पना एका बाईची! अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातली मेरी अँडरसन. हिवाळ्यात ती न्यूयॉर्कला गेली होती. ट्राममध्ये बसली असताना तिने पाहिलं, की काचेवर बर्फाचा चिखल साचतो आणि काही दिसावं म्हणून ट्रामवाल्याला काच उघडून गारठ्यात तोंड काढावं लागतं. इतर प्रवासीही ते रोज पाहत होते. पण हिने विचार केला, की आत बसूनच काच पुसता आली तर? आतून फिरवायचा एक दांडा आणि बाहेर रबराची पट्टी, असा आराखडा तिने केला. १९०३ साली तिला त्याचं पेटंट मिळालं.

पुढे १९०५ मध्ये तिने एका कॅनडियन कंपनीला ते विकायचा प्रयत्न केला. उत्तर आलं, याला व्यापारी मोल नाही. पेटंटची मुदत १९२० मध्ये संपली आणि त्यानंतरच्या काळात गाड्यांना वायपर सर्रास बसू लागले. तिला त्यातून पैसा मिळाला नाही. १९१७ साली शार्लट ब्रिजवुड या दुसऱ्या एका बाईने विजेवर चालणाऱ्या वायपरचं पेटंट घेतलं, तिचीही कथा तीच. मेरीबाई १९५३ साली वारल्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांच्या मानाच्या यादीत त्यांचं नाव लागलं ते २०११ साली!

अंबडच्या रस्त्यावर आमच्या मावशींनी डोकं बाहेर काढलं होतं, ते आठवून मला हसूही आलं आणि अंगावर काटाही आला. शंभर वर्षांपूर्वी एका बाईने ज्या कारणासाठी वायपर शोधला, नेमक्या त्याच कारणाने आम्ही वाचलो. गाडी यंत्राची, पण बघणारे डोळे बाईचेच.

आता आपण काय करायचं?

आमच्या गटाच्या पुढच्याच बैठकीत मी हा विषय घेतला. सगळ्यांना आपापल्या घरच्या गाडीची आरसी आणायला सांगितलं. काहीजणी हसल्या. "ताई, कर्जाचे कागद आणायचे का गाडीचे?" म्हणाल्या. पण आणले. त्यात दोघींच्या घरच्या गाड्या दुसऱ्याच्याच नावावर निघाल्या. एकीच्या स्कूटीवर नोंदलेला मोबाईल नंबर शोरूमच्या पोराचा होता! त्या दिवशी आम्ही जे ठरवलं, ते तुमच्यासाठीही लिहिते.

• आरसीवरचा सतरा अक्षरी चेसिस नंबर डायरीत लिहून ठेवा, मोबाईलमध्ये फोटोही काढून ठेवा. आरसीची एक झेरॉक्स तुमच्याही हाताशी हवी.

• वर्षातून दोनदा, गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला म्हणा, कंपनीच्या वेबसाइटवर हा नंबर टाकून रिकॉल आहे का ते पाहा. दसऱ्याला गाडीला हार घालतोच, तेव्हाच हेही करायचं. वेबसाइट जमत नसेल तर कॉलेजात जाणारी मुलं असतातच घरात, नाहीतर अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून नंबर सांगा.

• जुनी गाडी घेताना पैसे देण्याआधी रिकॉल तपासा. रिकॉलचं काम गाडीचं असतं, मालकाचं नव्हे. दुसऱ्या-तिसऱ्या मालकालाही ते विनामूल्यच करून मिळायला हवं.

• गाडी लगेच नावावर करा. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. फॉर्म २९ आणि ३०. सोबत मोबाईल नंबर आणि पत्ताही बदलून घ्या.

• गाडी विकली असेल आणि तिच्याबद्दल पत्र आलं, तर फाडू नका. नव्या मालकाला एक फोन करा. त्या एका फोनने कुणाचं तरी लेकरू वाचेल.

• कोणतीही दुरुस्ती केली तर पक्की पावती घ्या. आमची अडीच हजारांची चिठ्ठी सर्व्हिस सेंटरमध्ये कुणी हातातही धरली नाही.

• आणि वायपरचं रबर! आपल्याकडच्या उन्हाने ते उन्हाळ्यात कडक होतं, चिरतं. मृग लागायच्या आधी हात लावून बघा, वाटलं तर बदला. धुळीच्या कोरड्या काचेवर वायपर चालवू नका, आधी पाणी मारा. पावसात वायपर बंद पडलाच तर इंडिकेटर लावून, वेग कमी करून सुरक्षित जागी थांबा. पोचायची घाई करू नका.

आमची गाडी आम्ही संभाजीनगरच्या सर्व्हिस सेंटरला नेली. सगळी जोडणी बदलायला तासभर लागला. बाहेर बाकड्यावर बसून मी काचेतून बघत होते. काम झाल्यावर तिथल्या मुलाने कागदावर सही घेतली आणि म्हणाला, "काकू, दीड वर्षापासून ही गाडी आमच्या यादीत शिल्लक होती. पत्ता लागत नव्हता." मी मनात म्हटलं, बाळा, पत्ता होता. आम्ही मस्तगडला राहतो. १७२५ साली काबिल खानाने बांधलेल्या गढीचं नाव आमच्या वस्तीला आहे, जालन्यात कुणालाही विचारलं तरी सांगेल. फक्त आम्ही तो कागदावर लिहिला नव्हता.

परतीच्या वाटेवर नेमका भुरभुर पाऊस लागला. यांनी वायपर सुरू केला. इकडून तिकडे, तिकडून इकडे. रोजचाच तो आवाज, पण त्या दिवशी मी जालना येईपर्यंत ऐकत बसले होते. पुढच्याच आठवड्यात गाडी नावावर केली. माझ्या!

मावशींना हे सांगितलं तेव्हा त्या नातवाला भरवत होत्या. घास हातातच ठेवून म्हणाल्या, "बरं झालं बाई. आता पत्र आलं तर तुझ्याच दारात येईल."